‘चालतं’ असं लिहिणारा माणूस

ताईला जुळं झालं, ते वर्ष. आई सारखी ताईकडे जाऊन-येऊन, आणि स्टुडिओत मी आणि बाबा, दोघंच. त्याच वर्षी बाबांच्या भल्यासाठी मी एक बटण दाबलं आणि त्यांचं काम ठप्प करून बसले.

आमचा स्टुडिओ म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. पुढे काउंटर, मग पडदा, पडद्यामागे स्टूल, दोन दिवे आणि स्टँडवर कॅमेरा. बाबा फक्त चेहऱ्यांचे फोटो काढत. लेन्स त्यांची जुनी, हाताने फिरवून फोकस लावायची. गेलं वर्षभर मात्र त्यांनी एक नवीन पद्धत धरली होती. कॅमेऱ्याला डोळा लावायचाच नाही. कॅमेऱ्याची केबल कॉम्प्युटरला जोडायची, कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर उघडायचं, की समोर बसलेला माणूस बटण दाबायच्या आधीच मोठ्या स्क्रीनवर हलताना दिसतो. त्याची पापणी हवी तर वीतभर मोठी करून बघा. बाबा एक हात लेन्सवर ठेवत, मान जराशी वाकडी करून स्क्रीनकडे बघत आणि फोकस लावत.

“पाठ वाकत नाही गं आता,” ते म्हणायचे. मला ते पटलं होतं.

कॉम्प्युटरची नवीन सिस्टिम आली ती मोठी अक्षरं घेऊन. बटणं ठळक, शब्द दुप्पट मोठे. बाबा बारीक अक्षरांवर सारखे करवादायचे, म्हणून म्हटलं, घालूनच टाकू. पण मी काही उठली आणि बटण दाबलं अशी मुलगी नाही. आधी कॅमेरा कंपनीच्या पानावर गेले. तिथे यादी होती, कुठल्या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर कुठल्या सिस्टिमवर चालतं याची. आमच्या कॅमेऱ्यापुढे, नव्या सिस्टिमच्या रकान्यात, एकच शब्द होता. चालतं.

दाबलं. तासाभरात सगळं झालं. अक्षरं मोठी झाली, जुने फोटो उघडले. मी खुशीत केबल जोडली… आणि स्क्रीन काळी. वर एक ओळ — कॅमेरा सापडला नाही.

मी केबल काढून पुन्हा लावली. कॅमेरा बंद करून सुरू केला. स्क्रीन काळीच.

“छबू, दिवे गेले का?” बाबांनी विचारलं.

दोन्ही दिवे लख्ख जळत होते.

सिस्टिम परत जुनी करावी, तर ती सोय नव्हती. नवीन एकदा घेतली की जुनीकडे वळायचा रस्ता बंद. आणि शनिवारी नर्सिंग स्कूलच्या मुलींचे फोटो होते. पास होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीतल्या एकेकीचा फोटो बाबाच काढत आले होते. यंदा त्यांनी मेट्रनबाईंना सांगून ठेवलं होतं, पुढच्या वर्षीपासून छबू येईल. “पण ही शेवटची तुकडी माझ्या हातची,” ते घरात दहा वेळा म्हणाले होते. दहाही वेळा खुशीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा पिशवीत घातला आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जाऊन धडकले. काउंटरवर कोणी नव्हतं. बाजूला एक उंच माणूस स्टुलावर चढून छतातला पंखा पुसत होता. बाह्या दुमडलेल्या, केसांत धूळ.

“इथे कोण असतं?” मी विचारलं.

“काय झालं?”

“तुम्हाला सांगून काय उपयोग? तुमच्या त्या यादीत ‘चालतं’ असं लिहिणारा जो कोणी शहाणा आहे ना, तो मला एकदा भेटायला हवा.”

तो स्टुलावरून खाली उतरला. फडकं घडी करून बाजूला ठेवलं. हात पँटला पुसले.

“भेटला,” तो म्हणाला.

इतकी वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती… सगळी गेली.

“मग… पंखा का पुसताय?”

“खाली बसतो मी. डोक्यावर धूळ पडते. यादी लिहायची, पंखाही पुसायचा, लोकांच्या शिव्याही खायच्या. बोला. शिव्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या?”

त्याच्या गालावर काळा पट्टा उमटला होता. मला हसू येत होतं आणि मला हसायचं नव्हतं. मी सगळं घडाघडा सांगितलं. नवीन सिस्टिम, यादी, केबल, काळी स्क्रीन. तो मान हलवत होता, मध्येच थांबला.

“केबल लावून… लाइव्ह बघता तुम्ही? स्क्रीनवर?”

“माझे वडील बघतात.”

“जुनी लेन्स. हाताने फोकस.” हे त्याने विचारलं नाही, सांगितलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. एखाद्याने गॅसवर दूध ठेवून बाहेर निघून यावं आणि रस्त्यात आठवावं, तसा.

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी तुमच्याबरोबर येतो,” तो म्हणाला. “आत्ता. थांबा, गाल पुसतो. काळं लागलंय ना?”

“डावीकडे.”

“इथे?”

“माझ्या डावीकडे… नाही, राहू द्या. शोभतंय.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवीची चेन उगाच उघडून लावली.

बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी म्हटलं, “तपासनीस, इतकं वाईट वाटून घेऊ नका. होतं दुरुस्त.”

“तपासनीस?”

“तपासून यादी लिहिता ना?”

तो हसला नाही. “तपासून,” एवढंच पुटपुटला.

स्टुडिओत शिरलो. बाबा पाठमोरे बसून लेन्स पुसत होते. तो म्हणाला, “नमस्कार काका.”

बाबा गर्रकन वळले. “अरे! फोनवाला! आज आवाजाबरोबर माणूसही आला?”

मी दोघांकडे बघतच राहिले. “तुम्ही ओळखता एकमेकांना?”

“छे छे,” बाबा म्हणाले.

“नाही नाही,” तो म्हणाला.

दोघं इतक्या घाईने बोलले की लहान मूलसुद्धा फसलं नसतं. पण मला घाई होती. मी म्हटलं, ते नंतर बघू. तो कॉम्प्युटरपुढे बसला, तासभर खटपट केली. केबल बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. स्क्रीन काही उजळली नाही.

“कंपनीने सॉफ्टवेअर सुधारून दिलं तरच,” तो म्हणाला. “त्याला महिने लागतील. कदाचित…” पुढचं त्याने गिळलं.

“मग जाऊ दे ना,” मी म्हटलं. “बाबा, पूर्वी काढत होता तसे काढा. कॅमेऱ्याला डोळा लावून. एका दिवसाचा प्रश्न, पाठीला पट्टा बांधू. हे तपासनीस आहेतच बसलेले, काढा यांचाच एक.”

बाबा जागचे हलले नाहीत. “आज नको.”

“आज काय आणि उद्या काय? या.”

मी त्यांना दंडाला धरून कॅमेऱ्यामागे उभं केलं. तो स्टुलावर बसला, हात गुडघ्यावर, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. बाबांनी डोळा लावला. लेन्स इकडे फिरवली, तिकडे फिरवली. बराच वेळ. मग बटण दाबलं. मी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या स्क्रीनवर फोटो बघितला.

त्याच्या मागच्या भिंतीवर एक खिळा आहे. खिळ्याचं डोकं, त्यावरचा गंज, भिंतीचा पोपडा, सगळं लख्ख आलं होतं. पुढे नुसता एक धुरकट गोळा. त्या गोळ्याला कान होते.

“कसा आलाय?” बाबांनी विचारलं.

चाळीस वर्षं ज्या माणसाने एकही फोटो हलवला नव्हता, तो मला विचारत होता, कसा आलाय. मी कॅमेरा काढून पुढे धरला तर त्यांनी मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागले. तेव्हा मला कळलं की ते मान वाकडी का करतात. पाठीचा काही संबंध नव्हता.

“किती दिवस झाले, बाबा?”

“मधोमध डाग आहे,” ते शांतपणे म्हणाले. “बाजूचं दिसतं. तुझे कान दिसतात, नाक दिसत नाही. स्क्रीनवर मोठं केलं की जमतं.”

मी स्टुलाकडे वळले. तो खाली फरशीकडे बघत होता. त्याला नवल वाटलं नव्हतं. तिथे असलेल्या तिघांत नवल फक्त मला वाटलं होतं.

मी बाहेर आले. पायरीवर उभी राहिले. तोही मागून आला.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“वर्षभरापूर्वी त्यांचा फोन आला. म्हणाले, स्क्रीनवर सगळ्यात मोठं कसं दिसेल ते सांग. मी सांगितलं. मग ते दर आठवड्याला करायला लागले. तुम्हाला सांगायचं नाही, म्हणून शपथ घातली.”

“आणि काय बोलायचात दर आठवड्याला?”

“फोकस…” तो घुटमळला. “आणि तुम्ही.”

“मी?”

“छबूला राग आला की ती आधी चेन उघडते-लावते. छबूला फोटोतली माणसं आवडतात, खरी माणसं पेलत नाहीत. छबू भाजी चिरताना शिट्टी वाजवते. आज काउंटरवर तुम्ही तोंड उघडलंत आणि… मला वाटलं, आवाज काकांचाच आहे, फक्त जास्त चिडलेला.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून मी पायरीवरून पडले असते. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट वाजत होती.

“तुम्हाला माहीत होतं की माझे वडील फक्त त्या केबलवर काम करतात. तरी यादीत ‘चालतं’ लिहिलंत?”

समोरून एक सायकलवाला गेला, त्याने त्याला जाऊ दिलं.

“नवीन सिस्टिम आली की प्रत्येक कॅमेऱ्याचं सगळं तपासायचं असतं,” तो म्हणाला. “फोटो उघडतो का, उजेड कमी-जास्त होतो का, छापायला जातो का. ते सगळं मी तपासलं. केबलचं तपासायला स्टँड मांडावा लागतो, एक माणूस समोर बसवावा लागतो. माझ्याबरोबरचा सुट्टीवर होता. मागच्या सिस्टिमवर चाललं होतं, त्याच्या मागच्यावरही चाललं होतं… म्हणून मी मागचाच शब्द खाली ओढला. ही केबल फारसं कोणी वापरत नाही हो. मला माहीत असलेला एकच माणूस वापरतो.”

“आणि तोच विसरलात.”

“तोच विसरलो.”

मला वाटलं होतं तो कंपनीचं नाव सांगेल, साहेबांचं नाव सांगेल. त्याने कोणाचंच सांगितलं नाही. माझा राग होता तिथेच होता, पण त्याला टेकायला भिंत मिळेना.

“जा तुम्ही,” मी म्हटलं.

तो गेला. पट्टा अजून गालावर होता.

संध्याकाळी आई ताईकडून आली. मी दारातच रडायला लागले. “आई, बाबांचे डोळे…”

“हो,” आई चपला काढत म्हणाली. “मधलं गेलंय.”

“तुलाही माहीत होतं?”

“तीस वर्षं वॉर्डात काढली मी. नवरा भिंतीला धरून चालायला लागला तर मला कळणार नाही? त्यांना वाटतं मला माहीत नाही. वाटू दे. त्यांना बरं वाटतं.”

म्हणजे घरात बाबा लपवत होते, आई लपवलेलं लपवत होती, एक परका माणूस फोनवरून बाबांना सामील होता आणि मी मोठ्या ऐटीत अक्षरं मोठी करत बसले होते.

“आणि तो फोनवाला मुलगा कसा आहे गं दिसायला?” आईने विचारलं.

“आई!”

शुक्रवारी मी कंपनीची यादी पुन्हा उघडली, का ते मलाही सांगता येणार नाही. आमच्या कॅमेऱ्यापुढचा शब्द बदलला होता. ‘केबल जोडून चालत नाही. आधीची नोंद न तपासता केली होती. नवीन सिस्टिम बसवू नये.’ असं कोणी लिहितं का? कंपन्या लिहितात, तपासणी सुरू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर. न तपासता केली होती, हे कोण लिहितं? मी ते तीनदा वाचलं.

वाचतच होते तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. त्यातून आधी एक चादरीत गुंडाळलेलं मोठं बोचकं उतरलं आणि बोचक्यामागून तो.

“माझा घरचा कॉम्प्युटर,” तो धापा टाकत म्हणाला. “सहा वर्षं जुना. यावर जुनीच सिस्टिम आहे. मी नवीन कधी घालत नाही.”

“लोकांना ‘चालतं’ म्हणून सांगता आणि स्वतः घालत नाही?”

“हलवाई मिठाई खातो का? आई विचारत होती, चादर घेऊन कुठे पळून चाललास. म्हटलं, चाललो खरा… पण सोमवारपर्यंत परत येईन.”

“आणि नोकरी? ते जे लिहिलंत त्याचं काय?”

“साहेब खूप बोलले. उद्याची रजा मागितली तर म्हणाले, कायमची घे. त्यांचा राग दोन दिवस टिकतो. बहुतेक.” त्याने चादरीची गाठ सोडली. “केबल आणा.”

मी केबल आणली. त्याने जोडली. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि त्यावर आमचा स्टुडिओ उभा राहिला. स्टूल, भिंत, खिळा. बाबा पडद्याआडून आले, मान वाकडी केली. “आहे,” म्हणाले. नुसतं, “आहे.” आणि पुन्हा आत गेले. आत त्यांनी बराच वेळ नाक शिंकरलं.

शनिवारी नर्सिंग स्कूलच्या हॉलमध्ये मोठ्या खिडक्यांतून बाहेरच्या पावसाचा पांढरा उजेड येत होता. मुली कडक इस्त्रीच्या गणवेशात रांगेने उभ्या होत्या. आईही आली होती, मेट्रनबाई तिच्या हाताखाली शिकलेल्या. बाबा स्क्रीनपुढे, हात लेन्सवर. मी मुलींचे केस, कॉलर नीट करत होते. तो कॉम्प्युटरशेजारी जमिनीवर बसून होता, कारण त्या जुन्या डब्याचा पंखा घरघरत होता आणि मधून मधून त्याला बाजूने थाप द्यावी लागत होती.

“काका, हा कोण? जावई का?” एका मुलीने विचारलं.

“अजून तपासणी सुरू आहे,” बाबा म्हणाले.

साऱ्या हॉलमध्ये हशा पिकला. त्याने कॉम्प्युटरला विनाकारण एक थाप दिली. माझे कान तापले.

अर्ध्याहून जास्त मुली झाल्या असतील. स्टुलावर एक ठेंगणी मुलगी बसली होती आणि बाबा माऊसने तिचा डोळा मोठा करून बघत होते. अचानक त्या डोळ्यावर एक चौकट उघडली. त्याच्या घरी दर वेळी ‘नंतर’, ‘नंतर’ म्हणून टाळलेली चौकट. नवीन सिस्टिम तयार आहे. आत्ता बसवायची? खाली एक मोठं निळं बटण.

बाबांचं चित्र मोठं करायचं बटणही निळंच असतं. बाबांना अक्षर दिसलं नाही, निळं दिसलं. त्यांचा माऊस शांतपणे तिकडे सरकला.

मी हॉलच्या त्या टोकाला होते. कॉलर सोडून धावले. तो जमिनीवरून उसळला. माझा हात बाबांच्या हातावर पडला आणि माझ्या हातावर त्याचा. माऊस तीन हातांखाली दबून जागच्या जागी थांबला. बाण निळ्या बटणाच्या काठावर होता. श्वास घेतला असता तरी दाबलं गेलं असतं. कोणीच घेतला नाही.

“हळू…” तो माझ्या कानाशी म्हणाला. “आधी तुमचं बोट… हां. आता काका, तुमचं.”

बाण हळूहळू बाजूला आला. त्याने चौकट बंद केली. स्क्रीनवर तो डोळा पुन्हा आला, टक्क उघडा, घाबरलेला.

“आता सुरक्षित आहे ना?” बाबांनी विचारलं.

“आहे, काका.”

“मग छबूच्या हातावरचा हात काढ. मला काम करायचंय.”

मुलींनी पुन्हा हॉल डोक्यावर घेतला. त्याने हात काढला, पण लगेच नाही… आणि मीही माझा ओढून घेतला नव्हता, हे मला नंतर घरी गेल्यावर जाणवलं.

शेवटची मुलगी उठली तेव्हा बाबा म्हणाले, “कोणी केबल काढू नका. अजून एक राहिली आहे.” मग आईकडे मान वळवून म्हणाले, “तू ये.”

“माझं काय मधेच? केस बघा माझे.”

“बस गं. तुझ्या तुकडीच्या वेळी तू माझ्याशी भांडली होतीस, नाक मोठं आलं म्हणून. आज मोठं करूनच बघतो.”

आई बसली. बाबांनी तिचा डोळा स्क्रीनभर मोठा केला. मान वाकडी करून इतका वेळ बघत राहिले की आई म्हणाली, “अहो, काढताय की नुसतं बघताय?”

“दोन्ही,” बाबा म्हणाले. “आणि तुला माहीत होतं, हे मला माहीत होतं.”

आईने तोंड उघडलं. बाबांनी बटण दाबलं. फोटोत आई आश्चर्याने बघते आहे, आणि पापणीचा एकेक केस मोजून घ्यावा इतका तो लख्ख.

सामान बांधताना तो चादरीची गाठ मारत होता. मी म्हटलं, “एक टोक मला द्या. जड आहे.”

“घरापर्यंत येणार?”

“आईला बघायचंय तुमच्या. घरातून पळून जाणारा मुलगा कसला वाढवलाय ते.”

“एक सांगू?” तो गाठीकडे बघत म्हणाला. “मी तुम्हाला वर्षभर ऐकत होतो. काकांच्या तोंडून. मला वाटायचं, एवढं ऐकून माणूस आवडतो का कुठे… उगीच काहीतरी. मग परवा तुम्ही काउंटरवर आलात.”

“आणि?”

“आणि आवडलात. ओरडत होतात, तरी.”

“तरी नाही,” मी म्हटलं. “म्हणून. आणि आता ‘तुम्ही’ पुरे झालं.”

गाठ त्याच्या हातून सुटली आणि चादर सगळी जमिनीवर पसरली. ती दोघांनी पुन्हा बांधली, आणि पावसात निघालो.

साहेबांचा राग चार दिवस टिकला. पुढे कंपनीने कळवलं की आमच्या कॅमेऱ्यासाठी नवीन सॉफ्टवेअर निघणार नाही. शेवटची तुकडी झाली होतीच; बाबांनी ते ऐकून कॅमेरा पुसून पेटीत ठेवला आणि पुन्हा काढला नाही. आमचं लग्न थंडीत झालं, फोटो मीच लावून ठेवलेल्या कॅमेऱ्याने आपोआप निघाले, सगळे थोडे तिरके. बाबा आज सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना आता बाजूचंही दिसत नाही.

आई लग्नानंतरच्या मार्चमध्ये गेली. गुरुवारी दुपारी, कपडे वाळत घालताना, हृदय बंद पडून. ती बासष्ट वर्षांची होती.